शेखरचा फार चांगला झालेला ट्रेलर

...आणि ट्रेलर भिकार झाला असता ना, तर शेखर आज असा तोंड पाडून फिरला नसता, तुम्हाला सांगतो. चांगला झाला हो, तीच तर अडचण.

शेखर म्हणजे सातपूरला कारखान्यात लेथ मशीनवर असतो तो. नाद काय, तर दुसऱ्यांचे सिनेमे कापायचे आणि आपल्या मनासारखे जोडायचे. आता तुम्ही म्हणाल, तयार सिनेमा कशाला कापायचा? तर कुसाबाईसाठी. कुसाबाई त्याची मावशी, देवळाली कॅम्पात राहणारी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. लग्नानंतर तिनं नवऱ्याबरोबर पहिला सिनेमा पाहिला, त्यात नायिका शेवटी दवाखान्यात मरते. तेव्हापासून तो सिनेमा टीव्हीवर लागला की मावशी गाणी बघणार, आणि दवाखाना दिसला की उठून भाकरी थापायला जाणार. चाळीस वर्षं हेच. मध्ये तिचा नवरा, शेखरचे काकाही गेले. मग तिचं कायमचं सुरतेला जायचं ठरलं, मुलीकडे, निकिताकडे. शेखरला वाटलं, जायच्या आधी एकदा तरी हिनं तो सिनेमा बघून हसत उठावं.

मग काय... सात महिन्यांच्या सगळ्या सुट्ट्या त्यात. अकरा मिनिटांचं मरण काढलं, आधीच्या जत्रेतलं हसणं शेवटी लावलं, साडी जुळेना म्हणून पिवळीची हिरवी केली. पण नायिका वाचवली पठ्ठ्यानं.

इथं थांबायचं की नाही? पण कंपनीतला दीपक म्हणाला, "आधी ट्रेलर टाक भाऊ. अन् ट्रेलरमध्ये उत्तर नाय द्यायचं, प्रश्न टाकायचा. बघणारा तडफडला पायजे." झालं. डॉक्टर मान हलवतो, नायकाचा हंबरडा, खाटेवरून लोंबणारा हात... अंधार. आणि अंधारात बारीक, नाजूक अक्षरं, 'या वेळी शेवट वेगळा आहे.' मोठी केली तर मजा जाते म्हणे. अंगावर काटा येतो हो, चांगलाच झाला, तीच तर अडचण.

शेखरनं तो मावशीच्याच फोनवर पाठवला. तिनं फोन हातभर लांब धरून पाहिला. ती अक्षरं तिला दिसणार कुठून? पदरानं डोळे पुसले.

"मेलीच ना रे शेवटी?"

"मावशी, हा नुसता ट्रेलर आहे. सिनेमात वाचते ती. मी वाचवलीय."

"थेटरात तुझे काकाही असंच म्हणत होते. वाचेल गं, वाचेल." आणि फोन बाजूला ठेवला. "राहू दे बाबा. परत नको."

चार दिवसांनी मावशी सुरतेला गेली.

परवा निकिताचा फोन. "दादा, आई बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना तुझा सिनेमा दाखवते." शेखर हातातलं काम टाकून उभाच राहिला. तेवढ्यात मावशीनं फोन घेतला.

"लय नाव झालं बघ तुझं इथं. मी सांगते, आमच्या शेखरनं केलाय. बाई मरते, पण दोन मिनिटांत आटपतं, तीन तास जीव टांगून बसावं लागत नाय."

शेखर म्हणाला, "हो मावशी. छोटाच केलाय."