मुखपृष्ठावरची अळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या मातोश्री आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

माझं नाव आभारप्रदर्शनाला होतं. मी हट्टानं ते पुस्तकाच्या प्रकाशनाच्या आधी घ्यायला लावलं. सूत्रसंचालकांनी मनात मला काय काय म्हटलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर अजून वाचता येतंय. मी पाणी पितो जरा. हो, दुसरा ग्लास आहे, ठाऊक आहे मला.

बाई या संस्थेच्या कीटक विभागाच्या प्रमुख, आणि मी इथला फोटोग्राफर, गेली सोळा वर्षं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी एका भुंग्याला काडीनं उजेडात सरकवलं. बाई म्हणाल्या, "अरे, त्याला कशाला हलवतोस? तू हल की!" मग मी दोन तास चिखलात पालथा पडून राहिलो. भुंगा हलला नाही. माझी कंबर मात्र आठवडाभर हलत नव्हती. डोंगराच्या एका फोटोतून मी विजेच्या तारा पुसल्या, तर बाईंनी तो परत पाठवला. "तारा आहेत ना तिथं? मग दिसू देत." अशा माणसाबरोबर सोळा वर्षं काढणं म्हणजे काय, हे घरी माझ्या बायकोला विचारा. तिच्या साडीचा फोटो काढतानासुद्धा मी सुरकुत्या तशाच ठेवतो.

अध्यक्ष महोदय, घड्याळ बघू नका, मुद्द्यावर येतोय. आठवडाभर येतोच आहे. काल बायको म्हणाली, "ताटावर बसून असे पाय हलवत राहणार असाल, तर सांगून टाका एकदाचं."

समोर रेशमी फितीत बांधलेलं पुस्तक आहे. बाईंच्या तीस वर्षांच्या भटकंतीचं पुस्तक. कोणता कीटक कोणत्या झाडावर जगतो, याची बाईंनी स्वतः डोळ्यांनी पाहून केलेली नोंद. मुखपृष्ठावर जांभळ्या फुलावरची हिरवी अळी आहे. सगळे म्हणतात, काय फोटो आहे! तो मी काढला. आणि तो खोटा आहे.

थांबा, बाई, बसा. मला पूर्ण सांगू द्या, नाहीतर पुन्हा जमायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाई मातोश्रींच्या आजारपणात रजेवर होत्या. मला ती अळी कुंपणावरच्या वेलीवर सापडली. वेल पार कुरतडलेली, पिवळी पडलेली. फोटो काही केल्या देखणा होईना. मी अळी डबीत घातली, स्टुडिओत आणली आणि कचेरीच्या खिडकीतल्या कुंडीतल्या फुलावर ठेवली. दहा मिनिटांत काम झालं. एवढंच असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण प्रत्येक फोटोबरोबर आपण नोंदपत्रक भरतो. त्यात 'कशावर सापडली' असा रकाना असतो. वेल लिहिली असती, तर फुलाचं काय सांगणार होतो? मी कुंडीतल्या झाडाचं नाव लिहिलं.

बाई परत आल्या, पत्रक वाचलं आणि लहान मुलीसारख्या खूश झाल्या. "या झाडावर ही जगते? कुणाला माहीतच नव्हतं रे!" त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी चहा आणायला गेलो. बाईंनी तीस वर्षांत न पाहिलेली एकच गोष्ट पुस्तकात लिहिली, ती माझ्या शब्दावर. उद्या कुणी विद्यार्थी ती अळी पाळेल आणि पुस्तक बघून तिला हाच पाला घालेल.

म्हणून अध्यक्ष महोदय, हात जोडून विनंती आहे, ती फीत आज सोडू नका. प्रती छापून झाल्यात, गठ्ठे खाली पडलेत, मला कळतं. प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची चिठ्ठी मी स्वतः चिकटवीन. मुखपृष्ठ बदलायचं की नाही, आणि मला इथं ठेवायचं की नाही, ते आपण ठरवा.

बाई काहीतरी विचारताहेत. माइक देता का त्यांना?

नको म्हणतात. मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगतो. बाई विचारताहेत, "त्या अळीचं पुढं काय झालं?"

बाई, फोटो मिळाल्याच्या आनंदात मी तिला तिथंच विसरलो. तिसऱ्या दिवशी ती कुंडीच्या काठावर सुकलेली सापडली. त्या झाडाचं एक पानसुद्धा तिनं खाल्लं नव्हतं.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. बाई, तुम्ही मात्र घालू नका.