जेवणाच्या सुट्टीतलं दार

एस्थरताई, प्रभारी साहेब, समितीची मंडळी, पोलीस ठाण्यातून आलेल्या ताई, आणि गावागावांतून आलेल्या माझ्या बायांनो,

मी वंदना. आपल्या महिला मदत केंद्रात समुपदेशक आहे. मला सांगितलंय, थोडक्यात बोला. थोडक्यातच बोलेन. जास्त बोलले तर रडू येईल. केंद्रात कुणी रडत आलं की मॅडम म्हणायच्या, "आधी पाणी पी. मग रड. मग बोल." आज आम्हालाच पाणी कोण देणार, सांगा?

आपल्या केंद्राच्या प्रमुख, रिबेका मॅडम, गेल्या. केंद्रात यायला म्हणून तयार झाल्या, चप्पल घालायला खुर्चीवर टेकल्या आणि तिथेच गेल्या. आम्ही इकडे वाट बघत होतो. मॅडमना उशीर म्हणजे नवलच! आम्ही थट्टा करत होतो हो. हसत होतो. ते हसणं आठवलं की अजून अन्न गोड लागत नाही.

थांबा, रुमाल काढते.

नवीन माणूस हमखास विचारायचा, "मॅडम, तुम्ही ख्रिश्चन का?" त्या म्हणायच्या, "नाही हो, बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागेकडे फुटलं, तेव्हापासून इथेच." घरातली बाकी सगळी तिकडे इस्राएलला गेली. एस्थरताई, तुम्ही धाकट्या, पण बहिणीला किती हट्टाने बोलवायचात, आम्हाला ऐकू यायचं फोनवर. आणि त्यांचं उत्तर ठरलेलं. "माझं दार कोण सांभाळेल?"

कुठलं दार, ते सांगते. समितीतल्या नव्या लोकांना माहीत नसेल.

पूर्वी आपलंही केंद्र सगळ्या सरकारी कार्यालयांसारखंच होतं. जेवणाची सुट्टी झाली की दार बंद. त्यात चूक काय, असंच सगळ्यांना वाटायचं. पळस्प्याकडच्या एका गावातून एक बाई आली. नाव घेणार नाही. घेतलं तर मॅडम वरून येऊन माझी जीभ हासडतील. ती आली तेव्हा दार बंद. पायरीवर बसली, बसली आणि परत गेली. पुन्हा आली ती मोडलेला हात गळ्यात बांधून. मॅडमनी विचारलं, "अगं, आधी का नाही आलीस?"

ती म्हणाली, "आल्ती ना बाय. तो जेवून आडवा झाला का तवाच मना निंगाला गावतं. तो उठायच्या आत घरी जावा लागतं. तवा तुमचा दरवाजा बंद हाय. तुमी पन तवाच जेवता नं?"

मॅडम आमच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर त्यांचं टेबल त्यांच्या केबिनमधून निघून दाराशी आलेलं. प्रमुखाचं टेबल! येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, ही बाई टपालवाली असावी. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दार उघडं आणि मॅडम दारात. आम्ही पाळीपाळीने जेवायचो. त्या शेवटी जेवायच्या, गार झालेला डबा.

समितीत यावरून केवढं रामायण झालं! एक जुने साहेब म्हणाले, "जेवणाची सुट्टी हा कर्मचाऱ्यांचा हक्क आहे." मॅडम म्हणाल्या, "आहेच. पोटं सगळ्यांना आहेत. पण दार एकच आहे." ठराव मंजूर झाला. मनापासून नाही झाला, त्यांच्या तोंडाला लागायला नको म्हणून झाला. चालतं. दार उघडं राहिलं.

त्या घाबरत नव्हत्या असं नाही हं. एकदा एका पुढाऱ्याचा फोन आला. आमच्या माणसाचं प्रकरण आहे, जरा मिटवून टाका. मॅडम म्हणाल्या, "काय मिटवू, साहेब? तक्रार की तिच्या पाठीवरचे वळ?" फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "वंदना, चहा सांग गं, आणि जरा माझा हात धर." तो हात मी धरलाय. त्या दिवशी घरी धावत गेलो, तेव्हा शेवटचाही मीच धरला. गार होता.

प्रभारी साहेब, मॅडमच्या जागी आलात, तुमच्याशी थोडं बोलू का? परवा तुमचा आदेश आला. जेवणाच्या सुट्टीत केंद्र नियमाप्रमाणे बंद ठेवावे. तुम्ही नवे आहात, तुमच्यावर राग नाही. नियम तुम्ही केला नाही. पण गावागावांतला तो नवरा अजून जेवून झोपतो, साहेब. अजून त्याच वेळेला झोपतो. मॅडम गेल्या म्हणून त्याची वेळ बदललेली नाही.

ती पळस्प्याकडची बाई आज इथे आहे. माना वळवू नका. बसू द्या तिला शांतपणे. आज ती नवऱ्याच्या झोपेचा हिशेब न करता आलीय, एवढंच सांगते. अशा कितीजणी या सभागृहात आहेत, ते त्या आणि मॅडम जाणोत.

आता एक बघा. ही सभा याच वेळेला का ठेवली? जेवणाच्या सुट्टीत सगळी कार्यालयं मोकळी असतात म्हणून. सगळ्यांची सोय. आणि आम्हा सगळ्यांना इथे येता यावं म्हणून केंद्राला कुलूप घातलंय. दारावर कागद लावलाय, शोकसभेनिमित्त बंद. कुणाच्या म्हणून लक्षात आलं नाही. मॅडमसाठी रडायला म्हणून आपण मॅडमचंच दार लावून आलो. मघाशी रुमालासाठी पर्समध्ये हात घातला, तेव्हा किल्ली हाताला लागली. तेव्हापासून मुठीत आहे. बोलतेय तुमच्याशी, पण डोळ्यांपुढे ती पायरी दिसतेय.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. तुम्ही राहा. मनापासून राहा, त्या माउलीचा तेवढा मान आहे. साहेब, माझ्यावर काय कारवाई करायची ती उद्या करा. मला तेवढं थांबता येणार नाही. मी दार उघडायला चाललेय.

मॅडम, नमस्कार करते. येते मी.