सहा माणसं आणि पुरेसं इंजिन

…आणि पुन्हा तोच शब्द, ‘पुरेसं’. मला सांगा, पुरेसं म्हणजे कोणाला पुरेसं? मी कवळ्या बनवतो, त्यावर माझं घर चालतं, आणि आमच्या धंद्यात हा शब्द चालवला तर गिऱ्हाईक दोन घासांत दात काढून ताटात ठेवेल… मी कधी कोणाला म्हणालो का, की आजोबा, दात पुरेसे बसलेत, आता फक्त हसू नका आणि चावू नका म्हणून? पण आमचे साडूसाहेब! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, फ्रिजच्या दुकानात मॅनेजर, जन्मभर थंड कपाटांची दारं उघडून दाखवलेला माणूस, तो एका जुन्या मोटरबोटीच्या इंजिनावर हात ठेवतो, नाडी बघितल्यासारखे डोळे मिटतो आणि म्हणतो, “पुरेसं आहे.” झालं, लागला निकाल.

आता बोट कशाला हवी होती ते ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल, कवळीवाल्याला माज आलाय. माझे सासरे समोरच्या बेटावर दीपगृह सांभाळायचे. सगळी नोकरी तिथंच, माझी बायको आणि तिची ताई त्याच बेटावर वाढल्या. पुढं दिवा आपला आपण लागायला लागला, माणूस नको झाला, आणि माणूस नाही म्हणून बेटावर जाणारी लाँचही बंद झाली. यंदा सासऱ्यांच्या छातीत दुखलं, दवाखान्यातून घरी आले, खिडकीशी बसले, पाण्याकडं बघत राहिले आणि एवढंच बोलले, “एकदा सगळे जाऊन येऊ.” सगळे! हा शब्द लक्षात घ्या. सगळे म्हणजे सासरे, सासूबाई, ताई, साडूसाहेब, बायको आणि मी. आणि मधलं पाणी म्हणजे काय तळं नाही, खाडी आहे, बेट वरच्या अंगाला, ओहोटी लागली की पाणी बेटाकडून असं ओढतं की किनाऱ्यावर उभा राहून बघणाराही दोन पावलं मागं सरकतो.

मी म्हटलं, इंजिन जोरदार हवं. साडूसाहेब म्हणाले, त्यांच्या ओळखीत एक बोट आहे. त्यांच्या ओळखीत! ह्या माणसाच्या ओळखीतून आमच्या घरात आजवर एक गळकं वॉशिंग मशीन आणि एक भांडखोर भाडेकरू आलेला आहे. विकणारा निघाला पासपोर्टचे फोटो काढणारा. बोट दिसायला देखणी, निळा पट्टा, मऊ गाद्या, आणि मागं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन. साडूसाहेब आणि फोटोवाला दोघंच बसून एक चक्कर मारून आले, केस उडत होते, बोट पाण्यावरून सुसाट, आणि परत येऊन मला सांगतात, “बघितलंस?” अहो, दोन माणसं बसल्यावर टबसुद्धा पळेल! मी म्हटलं, सहा माणसांचं वजन धरा की. तर म्हणाले, तूच धर, तुला मापं घ्यायची सवय आहे.

आणि इथं, तुम्हाला सांगतो, माझी मती फिरली. रविवारी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो, टेबलावर सगळे बसले होते, आणि मी, सरळ मनानं हो, इंजिनाचा हिशोब करायचा म्हणून, प्रत्येकाला वजन विचारलं.

टेबलाखाली बायकोची लाथ बसली ती अजून दुखते. ताईंनी चमचा खाली ठेवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, कशासाठी हवंय? गोड आवाज म्हणजे किती वाईट, हे त्यांच्या नवऱ्याला विचारा. सासऱ्यांनी कानामागं हात धरला, काय विचारतोय? सासूबाई म्हणाल्या, काही नाही, वेळ विचारतोय. तरी मी हटलो नाही. शेवटी एकेकानं तोंडात गुळणी धरल्यासारखं आकडे सांगितले. सासूबाईंनी तर जो आकडा सांगितला त्यात त्यांची नुसती हाडं बसली असती. मी मनातल्या मनात बेरीज केली, आणि बेरजेप्रमाणं आम्ही सहा जण मिळून तीन माणसं होत होतो. साडूसाहेब हात झटकून म्हणाले, म्हणजे पुरेसं आहे. पण कोणाला पुरेसं? त्या टेबलावर जी सहा काल्पनिक माणसं बसली होती, त्यांना!

तरी मी अडून बसलो की सगळ्यांनी बसून बघितल्याशिवाय बोट घ्यायची नाही. म्हणून गेलो एका सकाळी धक्क्यावर. फोटोवाला म्हणाला, मी काठावरच थांबतो, तेवढंच वजन कमी. सुकाणूच्या चाकाशी साडूसाहेब, गॉगल लावून. सासरे पुढं बसले, बेटाकडं तोंड करून, मांडीवर टोपी. निघालो. इंजिन केकाटायला लागलं, बोटीचं नाक आभाळात, बूड पाण्यात, आणि समोर काही दिसेना, फक्त सासऱ्यांचं टक्कल आणि वर ढग. साडूसाहेब म्हणतात, आता उचलेल, आता उचलेल… धक्क्यापासून जरा लांब गेलो आणि ओहोटीच्या ओढीत सापडलो. मी बाजूला बघितलं. मघाशी मागं पडलेला धक्का शेजारी. इंजिन पूर्ण जोरात. परत बघितलं. धक्का आमच्या पुढं! आम्ही मागं चाललो होतो, मंडळी. चाळीस घोडे पुढं ओढतायत आणि आम्ही उलटे, थाटामाटात, फोटोवाल्याच्या समोरून मागं सरकतोय, आणि तो माणूस हात उंचावून ओरडतोय, “छान, आता जरासे पुढं या.”

मागं काय होतं? मागं खडक. काळे, धारदार, लाटा फुटतायत. हसू नका, तेव्हा कोणी हसलं नाही. इंजिनातून शिट्टी वाजायला लागली, जळका वास आला, सासूबाईंनी माझ्या दंडात नखं रुतवली. आणि अशा वेळी साडूसाहेब चाक सोडून मागं वळले आणि विचारतात काय, “खोटं वजन कोणी सांगितलं?”

आणि सांगतो तुम्हाला, सगळे कबूल झाले. सासूबाई म्हणाल्या, माझं लग्नाच्या वेळचं होतं. ताई म्हणाल्या, माझं मी ठरवलेलं होतं, अजून झालं नव्हतं. माझी बायको म्हणाली, ताईपेक्षा जास्त कसं सांगणार? साडूसाहेबांनी स्वतःचं पोट सोडून सांगितलं होतं. मी मात्र खरं सांगितलं होतं… जवळजवळ. फक्त सासरे वळलेच नाहीत. बेट लहान लहान होत चाललं होतं आणि ते त्याच्याकडंच बघत होते, आणि त्यांच्या हातातली टोपी पार चुरगळली होती. तेवढं मात्र माझ्या काळजाला लागलं.

मी नांगर उचलून फेकला. दोरी सरसर गेली, शेवटचं टोकही गेलं, कारण फोटोवाल्यानं ते बोटीला बांधलंच नव्हतं. शेवटी बंदरातला कचरा गोळा करणारी बोट आली आणि तिनं आम्हाला बांधून धक्क्यावर नेलं, रिकाम्या बाटल्या आणि एका मोडक्या खुर्चीच्या मागोमाग. उतरल्यावर साडूसाहेब काय म्हणाले असतील? “ओहोटी नसती तर पुरेसं होतं.” मी त्यांना पाण्यात ढकललं नाही, ते केवळ ताई मध्ये उभ्या होत्या म्हणून.

मग दोन्ही घरांत अबोला. सासरे परत खिडकीशी, चुरगळलेली टोपी मांडीवर. एक दिवस बायको म्हणाली, “बाबा भाऊजींची वाट बघत थांबणार आहेत का? बोट तू शोध.”

शोधली. घटस्फोट घेणारं एक जोडपं होतं, त्यांची बोट. त्यांचं कशावर म्हणून एकमत नव्हतं, बोटीची किल्ली कोणी आणायची यावर भांडण, पण इंजिन दांडगं आहे यावर दोघंही एका सुरात बोलले. एकशे पंधरा हॉर्सपॉवर! तरी मी विश्वास ठेवला नाही. माझ्याकडं दातांचे साचे बनवायच्या प्लास्टरची पोती असतात, ती सगळी टेम्पोत घालून नेली, आणि माणसांच्या जागी एकेक मांडली. बायकोनं विचारलं, हे कोण? म्हटलं, तुझी ताई. आणि हे? म्हटलं, ही आई. ती म्हणाली, आईची दोन पोती? मी म्हटलं, या वेळी खरं धरलंय. तिनं तोंड फिरवलं, पण बोट पोत्यांसकट पाण्यावर अशी उचलली की माझ्याच टोपीला मी कायमचा मुकलो. घेतली.

आणि गेलो, सहाही जण, भर ओहोटीत. चाक माझ्या हातात. बोट बाणासारखी सुटली, खडक कुठल्या कुठं राहिले, इंजिनाच्या आवाजात कोणाला कोणाचं ऐकू येईना, साडूसाहेबांचं तोंड हलताना दिसत होतं आणि शब्द पोचत नव्हता, आयुष्यात असा सुखाचा प्रवास मी केला नाही. हां हां म्हणता बेट. सासऱ्यांना हात धरून उतरवलं. त्यांनी दीपगृहाकडं बघितलं, भिंतीला हात लावला, मुलींना त्यांची खोली खिडकीतून दाखवली, आणि मग माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवणार. म्हणाले, “पोचलो पण? अरे, लाँचला किती वेळ लागायचा, सगळे गप्पा मारायचे. तीच तर मजा होती. जाताना हळू चालव.”

छाती दुखलेला माणूस. चालवली हळू. ओहोटी आता मागून ढकलत होती, इंजिन नुसतं घुरघुरत होतं, एकशे पंधरा घोडे गवत खात निघाल्यासारखे. आणि सगळे बोलायला लागले हो! ताई आणि बायको लहानपणचं काय काय आठवून हसत होत्या, सासूबाईंनी डबा उघडला, सासऱ्यांनी, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच, एक लांबलचक गोष्ट सांगितली, बोटीतून पडलेल्या बकरीची. मलाही जरा बरं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात साडूसाहेब मागं रेलले, पाण्याकडं बघितलं, इंजिनाकडं बघितलं आणि म्हणाले, “एवढंच चालवायचं होतं तर ते चाळीसचं पुरेसं होतं.”

आणि तुम्हाला सांगतो, सहापैकी पाच जणांनी मान डोलावली.