सोळा जीबीचं कार्ड

कुरुळी फाट्यावर तनुजा कंपनीच्या बसच्या रांगेत उभी होती. मागच्या दोन पोरांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"अय्याज, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घे की. बजेटात बसतंय."

"नको भावा, गेम अडकतात. घेतलं तर सोळाचंच."

"दिवाळीपासून हेच ऐकतोय. बाकी सगळा कॉम्प्युटर जोडलास आणि कार्डापाशी घोडं अडलं. स्क्रीन काळीच."

"अम्मी रोज ती फडक्यानं पुसते. विचारते, कधी चालू होणार?"

"मग या पगाराला आठचं घेऊन टाक."

"ठेकेदारानं ब्रेक दिलाय, अजिंक्य. आज शेवटची शिफ्ट."

"परत बोलावतील रे."

"मागच्या ब्रेकला ज्यांना बोलावतो म्हणाले, त्यातलं कुणी दिसतंय का रांगेत?"

तनुजानं रांगेवरून नजर फिरवली.

"अम्मीला काय सांगणार?"

"सांगेन, सोळाचंच शोधतोय."