राधाबाईंनी ओटीपी दिला नाही

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब खेर, आमच्या कारखान्याच्या माहिती-सुरक्षा विभागाच्या प्रमुख आणि आजच्या पाहुण्या माधुरीमॅडम, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो ते गेट ऑफिसचे श्रीकृष्णसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या कमळावहिनी, मराठी मंडळाचे सर्व सभासद, आणि मागे उभे असलेले माझ्या वर्कशॉपमधले भैया लोक, ज्यांना भाषण कळणार नाही पण जेवण आहे हे कळलेलं आहे, अशा सगळ्यांना यज्ञेश्वरचा नमस्कार.

माझ्याआधी पाच जण बोलले. साहेबांची शिस्त, साहेबांची चौतीस वर्षं, साहेबांचं अक्षर. सगळं खरं आहे. पण साहेबांच्या सेवापुस्तकात शेवटच्या पानावर एक शेरा आहे, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तो शेरा माझ्यामुळे बसलाय. म्हणून आबासाहेबांच्या मागे लागून मी पाच मिनिटं मागून घेतली. आठवीत शाळा सुटली, म्हणून लिहून आणलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी जिंतूरकडचा. पुणे, सुरत, भिवाडी धरून सहा वर्षांत सात ठिकाणी काम केलं. कुठेच मन लागलं नाही. मुकादम एक शब्द जास्त बोलला की मी बॅग उचलायचो. इथे झाशीत मात्र तीन वर्षं राहिलो. का? तर कंत्राटी माणसाची सलग तीन वर्षं भरली की त्याला वेल्डरच्या परीक्षेला बसता येतं. मधे एक दिवस जरी गेटचा पास बंद पडला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं करायला निघालो होतो.

आणि नेमकं तेव्हाच हे कॉम्प्युटरचं प्रकरण आलं.

मला सांगा, ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाला पासवर्ड कशाला हवा? पण दिला. त्यात एक मोठं अक्षर, एक छोटं, एक आकडा आणि एक चिन्ह पाहिजे. पाठ होईपर्यंत तीस दिवस होतात, की बदला! जुना चालत नाही, जुन्यासारखा चालत नाही. मग आम्ही काय करणार? खडूने लॉकरवर लिहून ठेवला. कोणी कूलरवर लिहिला, कोणी हेल्मेटच्या आत. श्रीकृष्णसाहेब रोज दुपारी ओलं फडकं घेऊन शॉपमधून फिरायचे आणि आमचे पासवर्ड पुसायचे. भैया लोक त्यांना 'पोछा साहब' म्हणायचे. साहेब, माफ करा, पण तुम्हाला ते माहीत आहे हे आम्हाला माहीत होतं.

त्याच काळात साहेबांनी कामगारांच्या घरच्यांसाठी एक रेकॉर्डिंग केलं. हिंदीत केलं, आणि आम्हा चार मराठी पोरांसाठी मराठीतही. 'ओटीपी कोणालाही सांगू नका. उद्या तुमच्या मुलाच्या आवाजात कोणी मागितला तरी नाही म्हणजे नाही. चोर आता आवाजही काढतात.' मी ते गावी चुलतभावाच्या फोनवर पाठवलं. माझी आई, राधाबाई, त्याच्या ओट्यावर बसून ते रोज ऐकायची, असं तो सांगायचा. मला बरं वाटलं. आता वाटतं, कशाला पाठवलं!

चार महिन्यांपूर्वी हुकूम निघाला. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत प्रत्येकाने आपली ओळख मशीनला पटवून पास नवा करून घ्यायचा. मी अंगठा ठेवला. मशीनमधली बाई म्हणाली, 'कृपया पुनः प्रयास करें.' धुऊन ठेवला, खोबरेल लावून ठेवला, लिंबू चोळून ठेवला. प्रयास करें, प्रयास करें! तीन वर्षं लोखंड घासून अंगठ्यावर रेष उरलीय कुठे? ज्या कामाचा पास हवा, त्याच कामाने अंगठा पुसला. आता बोला.

मग उरला ओटीपी. तो जाणार माझ्या नंबरवर. आणि माझा नंबर कोणाकडे? आईकडे. कागदपत्रं केली तेव्हा घरात एकच मोबाइल होता, बटणांचा. मी शहरं बदलली, सिम बदलली, तो नंबर तिच्याकडेच राहिला. ठेकेदाराचा माणूस नीरज दारात उभा राहून घड्याळ दाखवत होता. 'यज्ञा, पाँच बजे नाम कट जाएगा, फिर हमसे मत कहियो.'

चुलतभावाचा फोन बंद होता, म्हणून चार वाजता मी साहेबांच्या टेबलावरून थेट आईला फोन लावला. स्पीकर सुरू होता.

'आई, एक मेसेज आलाय बघ. त्यातले आकडे सांग.'

'कोण बोलतंय?'

'अगं मी, यज्ञा!'

'आकडे कशाला पाहिजेत तुला?'

'पासासाठी. लवकर सांग.'

'सांगत नसते. साहेबानं सांगितलंय, लेकाचा आवाज काढून मागतेत.'

घाईत तोंडातून हिंदी गेली. 'सुनो तो सही, आई!' मग तर तिची खात्रीच पटली. 'माझा लेक मला सुनो म्हणत नसतो,' म्हणाली आणि फोन ठेवला. ओटीपीची वेळ संपली.

दुसऱ्या वेळी साहेबांनी फोन हातात घेतला. 'राधाबाई, नमस्कार. मी श्रीकृष्ण. रेकॉर्डिंगमधला साहेब तो मीच.'

आई जी भडकली! 'आरं चोरांनो, त्या भल्या माणसाचाबी आवाज काढलाव व्हय? लाज कशी वाटंना तुम्हाला!'

साहेबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. त्यांच्या शिकवणीत एकच जण पूर्ण पास झालं होतं, आणि ते आमच्या समोर नव्हतं.

तिसऱ्या वेळी आईच म्हणाली, 'यज्ञा हायेस ना? मग सांग, घराचं दार कुणीकडं हाय?'

म्हटलं, 'उगवतीला.'

'म्हशीला काय झालं औंदा?'

मी अंदाजाने म्हटलं, 'रेडकू.'

'दार मावळतीला काढून वर्ष झालं. आन् म्हैस इकून टाकली. माझ्या लेकाला ठावं असतं.'

मी फोन खाली ठेवला. अंगठा पुसला गेला, त्याचा मला राग आला होता. घरचंच ठाऊक नाही, हे कोणावर काढू? अडीच वर्षं घरी गेलो नव्हतो. फोन करायचो, तेव्हा पाऊसपाणी विचारून ठेवून द्यायचो. मशीनने तीन प्रयत्न मोजले आणि चोवीस तासांसाठी कुलूप लावलं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

मी बॅगेचा विचार करायला लागलो. सवय आहे ना. साहेब उठले, कपाटातून पासांचं जुनं रजिस्टर काढलं. हाताने पास लिहिणं सहा महिन्यांपूर्वी बंद झालं होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्यांनी पंधरा दिवसांचा पास लिहिला, खाली लिहिलं, 'या माणसाला मी ओळखतो,' आणि सही केली. मला म्हणाले, 'आज रात्रीची गाडी पकड. आईला तोंड दाखव. ओटीपी नंतर माग.'

मी गेलो. दार खरंच मावळतीला होतं. आईने मला समोर बसवलं, टोपी काढायला लावली, कपाळावरची खूण अंगठ्याने चाचपली. म्हणाली, 'वाळलास.' दोन दिवस राहिलो आणि मग साहेबांना फोन करून मेसेज मागवला. ती आकडे वाचत होती तेव्हाही फोन स्वतःकडे वळवूनच धरला होता. पास झाला. माझी तीन वर्षं भरली. येत्या सोमवारी वेल्डरची परीक्षा आहे, यादीत माझं नाव आहे.

इकडे साहेबांना पत्र आलं. 'ओळख कोणत्या पुराव्याच्या आधारे पटवली, याचा खुलासा करावा.' साहेबांनी एका ओळीत खुलासा केला: 'तीन वर्षे रोज सकाळी गेटवर पाहतो.' तो मान्य झाला नाही. तसा रकाना नाही म्हणे. अंगठ्याला रकाना आहे, ओटीपीला आहे, रोज बघण्याला नाही. आणि शेरा बसला: 'सुरक्षा-नियमांचे उल्लंघन.'

माधुरीमॅडम, पत्र तुमच्या विभागाचं होतं. तुम्ही पाहुण्या आहात, पाहुण्यांना जाब विचारू नये, एवढं मला कळतं. म्हणून जाब नाही, फक्त हिशेब लावून बघा. साहेबांनी त्या शनिवारी कागदावर लिहिलं, हा यज्ञेश्वर आहे. चार दिवसांनी तुमचं मशीन म्हणालं, हा यज्ञेश्वर आहे. दोघांनी एकच उत्तर दिलं. मग मशीन बरोबर आणि साहेब चूक, हे कसं?

मंडळाने मला बोलू दिलं, आबासाहेबांनी दोनदा घंटी उचलून पुन्हा खाली ठेवली, कमळावहिनींनी त्या शनिवारी गाडीसाठी पोळ्या बांधून दिल्या, या सगळ्यांचे आभार. मोठ्या माणसांपुढे जीभ जास्त चालली असेल, कोणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर मला माफ करा. मला माफी चालेल.

साहेबांना माफी नको. शेरा खोडून हवाय.

नमस्कार.