चीजवरची फोडणी

माझ्या वर्गात कृपा नावाची एक गुजराती मुलगी आहे. ती पहिल्यांदाच आमच्या गोडादरा वस्तीतल्या घरी जेवायला येणार होती. तिच्या आवडीचा म्हणून मी चीज घालून बेक्ड पालक केला. ओव्हन नाही, म्हणून कुकरमध्ये. तिला आणायला खाली गेले आणि परत येते तो स्वयंपाकघरातून चर्रर्र!

आईने चीजवर लसूण-मिरचीची फोडणी ओतली होती.

“आई, हे काय केलंस?”

“पांढरंफटक होतं गं माय! पाहुणीला काय आजारी माणसाचं जेवण वाढू?”

कृपाने घास घेतला. तिचे कान लाल झाले, नाक वाहू लागलं. माझी मान वर होईना. आता ही सगळ्या वर्गात सांगणार!

मग तिने वाटी पुढे केली.

“आंटी, और दो ना. बस, इस बार चीज मत डालना.”