शेवटच्या कडव्यातलं नाव

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आम्हा सगळ्यांचे वडीलधारे आदरणीय पंडितकाका, जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती मिस ओपल टिलरी, तिच्या चर्चमधून आलेली पाहुणे मंडळी, आपल्या बौद्ध संघाचे सेक्रेटरी मिहीर, सूत्रसंचालन करणारी रत्ना, श्रूजबरी, वूस्टर आणि लांब बॉस्टनहून गाडी चालवत आलेल्या माझ्या बंधूभगिनींनो, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये मान घातलेल्या पोरांनो, सगळ्यांना माझा जय भीम.

मला पाच मिनिटं दिलीत. जास्त घेणार. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मिहीरनं लांबून घड्याळ दाखवायची तसदी घेऊ नये.

मी कमला रामटेके. पाचवी शिकलेली. नवरा इथं इंडियन हॉटेलात तंदूरवर होता, त्याच्यामागं आले, त्याला बावीस वर्षं झाली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची आंघोळ, जेवण, औषधं बघते. मिस ओपलकडं सात वर्षं आहे. गाण्यातलं मला कळत नाही. पण सात वर्षं जिच्या गुडघ्याला तेल चोळलं तिच्याबद्दल बोलायला गाणं कशाला कळायला पाहिजे? उपासना तिच्या शेजारी बसून माझं बोलणं तिला इंग्लिशमध्ये सांगते आहे. उपासना, गोड करून सांगू नको. मी बोलते तसंच सांग.

बाहेर चहाला एक काकू मला विचारत होत्या, "कमला, आपण बुद्धाची माणसं, आपल्या हॉलमध्ये येशूची गाणी कशाला गं?" काकू, तुमचं बरोबर आहे, पण आधी ऐकून घ्या.

ही बाई जॉर्जियाच्या एका लहानशा गावातली. आई लोकांचे कपडे धुवायची. सहाव्या वर्षी ही चर्चमध्ये उभी राहून गायला लागली. तिच्या लोकांचं गॉस्पेल म्हणजे नुसतं हात जोडून देवाला आळवणं नाही. एकजण ओळ टाकतो, सगळे ती उचलतात. पाय आपटतात, रडतात, मालकानं दिलेला मार त्यात काढतात. आपल्याकडं जलशात नाही का, शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झील धरतात? मी पहिल्यांदा तिच्या चर्चला गेले तेव्हा मला वाटलं, नागपूरच्या इंदोऱ्यातच आले. फक्त सगळ्यांच्या डोक्यावर हॅट.

अठराव्या वर्षी ती बाहेरची गाणी गायला लागली. सोल म्हणतात त्याला. चाल तीच चर्चची, दुःखही तेच, फक्त देवाच्या जागी माणूस. पाद्री खवळला. भर चर्चमध्ये उभं करून म्हणाला, हिनं देवाचा आवाज बाजारात नेला. कॉयरमधून नाव काढलं. तिची आई दुसऱ्या रांगेत बसली होती.

एकोणिसाव्या वर्षी हिनं एक गाणं केलं. स्वतः केलं, इस्त्री करता करता. स्टुडिओत गायली. रेकॉर्ड निघाली, रेडिओवर वाजली, लोक नाचले. रेकॉर्ड हातात आली तेव्हा गाणं करणाऱ्याच्या जागी स्टुडिओवाल्याचं नाव. ती रेकॉर्ड तिच्या जेवायच्या खोलीत भिंतीला आहे. माझा पहिला आठवडा होता. मला हाताला धरून तिथं नेलं, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "वाच." मला वेळ लागतो. एकेक अक्षर लावून वाचलं. म्हणाली, "यात मी कुठं आहे?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "पन्नासच्या वर वर्षं झाली, रोज बघते, अजून नाही."

पुढं ती बसमधून गावोगाव गायली, दोन नवरे केले, दोन्ही सोडले, इकडं थंडीत आली, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबली आणि रविवारी पुन्हा चर्चमध्ये गायली. इथल्या चर्चनं तिला घेतलं. आज त्या चर्चची माणसं पहिल्या रांगेत बसली आहेत, त्यांना माझा नमस्कार. आता ती जॉर्जियाला भाचीकडं चालली. ऐंशीला आली, जिने चढवत नाहीत.

इथपर्यंत सत्काराचं भाषण झालं. टाळ्या वाजवायच्या तर वाजवून घ्या. पुढं जागा मिळणार नाही.

तेल चोळताना मी गुणगुणते. मला कळतही नाही. एकदा तिनं पाय मागं घेतला. म्हणाली, "हे काय? पुन्हा म्हण." तुमच्यातल्या नागपूरकडच्यांना ते गाणं माहीत आहे.

"पाटी घे गं लेकी, घागर ठेव खाली,
भीमाच्या शाळेची घंटा आता झाली."

तिनं ते उचललं. मराठीतून उचललं. घागरला गागर म्हणते, पण बाकी ठाकठीक. भात शिजेपर्यंत एक कडवं, असं करत हिवाळाभर शिकली. मला काय आनंद! माझ्या घरात माझी पोरं मराठी गाणं लावलं की दार बंद करतात, आणि ही बाई लेकी म्हणताना डोळे मिटते.

या वसंतात तिच्या चर्चनं तिची शेवटची रेकॉर्ड काढली. त्यात आपलं गाणं घेतलं, मागं तीस माणसांचा कॉयर. तिनं मला मिठी मारून ती हातात दिली. मी घरी आले, चपला न काढता मागची बाजू वाचायला घेतली. सगळ्या गाण्यांपुढं कुणाकुणाचं नाव. आपल्या गाण्यापुढं एकच लांब शब्द. मला लागला नाही. आयुषला, माझ्या मुलाला विचारलं, "ट्रॅडिशनल म्हणजे काय रे?"

"लाइक, कुणाचं नाही, मम्मी."

"कुणाचं नाही म्हणजे?"

"आय मीन, सगळ्यांचं. इट्स फाइन."

फाइन? ते गाणं माझ्या आईनं केलं आहे.

नऊ दिवस मी मिस ओपलशी बोलले नाही. आंघोळ घातली, जेवायला वाढलं, गोळ्या दिल्या, तोंड उघडलं नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, गोऱ्यांना काय कळतं. पण हिनं? जिनं भिंतीवर साठ वर्षं तोच घाव लावून ठेवलाय, तिनं? आपल्याला ज्या सुरीनं कापलं तीच सुरी माणूस दुसऱ्यावर कशी चालवतो?

दहाव्या दिवशी तिला डॉक्टरकडं नेत होते. सिग्नलला माझं तोंड सुटलं. म्हटलं, "माझ्या आईचं गाणं तुम्ही अनाथ केलं."

ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. तू भांडी घासत होतीस. मी विचारलं, हे कुणी केलं? तू म्हणालीस, एव्हरीबडी सिंग. नोबडी मेक."

मागची गाडी हॉर्न देत होती. मला हलता येईना. कारण मी म्हटलं होतं.

का म्हटलं, ते आज सांगते. तुमच्यातल्या जाणत्यांना वाटतंय, कमला काय आईचं लावून बसली, हे तर शाहीर हरिदासचं गाणं. हो. शाहीर हरिदास म्हणजे माझे बाबा. आपल्यात गाणं करणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो, तीच त्याची सही. या गाण्याचं शेवटचं कडवं आहे:

"सांगे हरिदास, ऐका बायामाया,
अक्षरावाचून जन्म जाई वाया."

बाबांचा आवाज डोंगरासारखा होता, ते नाकारत नाही. पण गाणी आई करायची. जात्यावर नाही, चुलीपाशी नाही, ती विडीच्या कारखान्यात बसायची, पानं कापता कापता करायची. लिहिता येत नव्हतं. घरी येऊन म्हणून दाखवायची, बाबा पाठ करायचे आणि रात्री स्टेजवर सांगे हरिदास. मी आठ वर्षांची होते. आई एकदाच म्हणाली, "एखाद्या गाण्यात माझं नाव घाला की." बाबा हसले. म्हणाले, "तुझं नाव चालीत बसत नाही."

तिनं पुन्हा विचारलं नाही. आणि ज्या पोरीला पाटी घे म्हणून ते गाणं केलं, त्या पोरीला पाचवीतून काढून धाकट्यांना सांभाळायला बसवलं. कोणी? सांगे हरिदासनंच.

म्हणून मी मिस ओपलला शेवटचं कडवं शिकवलंच नाही. बाबांचं नाव तिच्या तोंडात द्यायचं नव्हतं. आणि आईचं नाव सांगायला जीभ वळली नाही. कधी वळलीच नव्हती. म्हटलं, गाणं एवढंच आहे. बाबांनी नाव गिळलं, आणि मी ते उरलंसुरलं पुसून टाकलं.

पण मी हिलाही सोडलं नाही. म्हटलं, "मी खोटं बोलले. पण तुम्ही दुसऱ्यांदा का नाही विचारलं? तुम्हाला तर ठाऊक आहे, बायका पहिल्यांदा खरं सांगत नाहीत." डॉक्टरचं पार्किंग आलं तेव्हा ती म्हणाली, "कुणाचं नाही म्हटलीस, मला बरं वाटलं. सोपं झालं." ऐंशीला आलेल्या बाईनं हे तोंडावर कबूल केलं. त्याचा राग यायचा तेवढा आला, अजून आहे. मिस ओपल, आय ॲम स्टिल अँग्री. उपासना, एवढं मीच सांगितलं.

मग तिनं विचारलं, "नाव काय तुझ्या आईचं?" मी सांगितलं. लपवलेलं शेवटचं कडवंही म्हणून दाखवलं, बाबा काय म्हणाले होते तेही सांगितलं. तिनं डॅशबोर्डवर बोटांनी ताल धरला आणि बाबांच्या जागी आईचं नाव घालून ओळ म्हटली. एकदा, दोनदा. एक मात्रा इकडं की तिकडं झाली नाही. म्हणाली, "काय बसत नाही यात?"

पंचेचाळीस वर्षं मी ते खरं धरून चालले होते. एकदाही म्हणून बघितलं नव्हतं.

आता या संघाकडं येते. कार्यक्रमाचा कागद छापायच्या आधी मी मिहीरला फोन केला. गाण्यापुढं आईचं नाव घाल म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, हरिदास शाहिरांचं आहे ना ते? माझे आजोबा म्हणायचे. उगाच कॉन्ट्रोव्हर्सी नको, आपण पारंपरिक ठेवू." तुमच्या हातात कागद आहे, बघा. पारंपरिक. शिकलेल्या माणसांनी छापलंय. वाद टाळायचा म्हणजे बाईचं नाव टाळायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

मिहीर पोरगा आहे, त्यानं पाहिलेलं नाही. पण इथं एक माणूस आहे ज्यानं पाहिलंय. पंडितकाका, तुम्ही बाबांच्या पार्टीत ढोलकीला होता. आम्हाला या देशात पहिलं भाड्याचं घर तुमच्या शब्दावर मिळालं, ते उपकार मी विसरत नाही. आमच्या ओसरीवर तुम्ही चहा पीत बसायचात आणि आई आत म्हणून दाखवायची. बाबा हसले त्या दिवशीही तुम्ही बसला होता. तुम्हीही हसलात. मागच्या महिन्यात मी तुमच्या घरी आले, सभेत एवढं सांगा म्हटलं. तुम्ही म्हणालात, गेलेल्या माणसाची उणीदुणी कशाला काढतेस.

काका, गेलेली माणसं दोन आहेत.

मी आता गप्प बसते. तुम्ही सांगा. गाणी कोण करायचं?

थांब, मिहीर, माईक नको खेचू. त्यांना वेळ लागू दे.

काय? मोठ्यानं बोला काका, मागं ऐकू जात नाही.

ऐकलं सगळ्यांनी? ज्यांना नाही गेलं त्यांच्यासाठी सांगते. काका म्हणाले, "वहिनीच करायची. सगळी."

बरं झालं. उशीर केलात, पण आज बोललात. पाणी प्या.

आता आभार. संघानं हॉल घेतला, त्याचे आभार. भाजीभाकरी ज्यांनी घरून करून आणली त्यांचे आभार. चर्चच्या लोकांचे आभार, त्यांनी कबूल केलंय की रेकॉर्डवरचा तो शब्द काढून नाव घालतील. कागदावर लिहून दिलंय, आयुषनं वाचून खात्री केली आहे. मिस ओपलचे आभार कसे मानू मला कळत नाही. तिनं मला दुखवलं, आणि माझ्या आईला पहिल्यांदा तालात तिनंच बसवलं. बाई, तिकडं सुखानं राहा. भाचीला सांगा, तेल कोमट करून लावायचं, थंड नाही.

माझ्या बोलण्यात कुणाला लागलं असेल, माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मोठ्या मनानं पदरात घ्या. बाबांच्या बाबतीत मात्र मी माफी मागणार नाही. आईची मागायची आहे. मिस ओपलनं शेवटचं कडवं म्हणायला नकार दिलाय. म्हणाली, तुझ्या आईचं नाव माझ्या तोंडून चुकेल, ते तू म्हण. मी स्टेजवर कधी गायलेली नाही. टेबल धरून उभी आहे.

रत्ना, तुझ्या कागदावरचं पारंपरिक खोड आणि नीट वाचून दाखव: गीत आणि चाल, अंजनाबाई हरिदास. नाही, थांब. नुसतं अंजनाबाई.

आणि तुम्ही सगळे, पहिल्या कडव्यांना खुशाल टाळ्या धरा. शेवटच्याला हात खाली ठेवा. नाव ऐकू आलं पाहिजे.